वापरून टाकायचे सेल की रिचार्जेबल? घरासाठी निवड करताना

घड्याळ, रिमोट, विजेरी, खेळणी, बिनतारी माऊस, रक्तदाब मोजण्याचे यंत्र अशा वस्तूंसाठी सेल घ्यायला गेले की पाच-सहा प्रकार शेजारीशेजारी मांडलेले दिसतात. बाहेरून सगळे सारखेच दिसत असल्यामुळे नवखा माणूस एक तर सर्वांत स्वस्त पाकीट उचलतो, किंवा ‘एकदाच काय तो खर्च होऊ दे’ म्हणत सगळ्या घरासाठी रिचार्जेबल सेल घेऊन येतो. माझ्या मते या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. निवड सेलकडे पाहून केली जाते; ती उपकरणाकडे पाहून करायला हवी. एखाद्या उपकरणातील सेल वर्षातून किती वेळा बदलावे लागतात, हा एक आकडा हाताशी असला की बाकीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

एक खुलासा आधीच करतो. काटेकोरपणे पाहिले तर एका नळकांड्याला सेल म्हणावे आणि असे अनेक सेल एकत्र जोडले की त्याला बॅटरी म्हणावे. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी या अर्थाने खरी बॅटरी आहे, कारण तिच्या पोटात दीड व्होल्टचे सहा छोटे सेल असतात. या लेखात सुट्या नळकांड्यासाठी मी ‘सेल’ हाच शब्द वापरला आहे.

पहिली पायरी: घरातील उपकरणांची यादी

कागद-पेन घेऊन घरात एक फेरी मारावी आणि सेलवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहून काढावी. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: कोणत्या मापाचे किती सेल लागतात, मागच्या वर्षभरात ते साधारण किती वेळा बदलले, आणि सेल ऐन वेळी संपले तर काय बिघडेल. तिसरा प्रश्न अनावश्यक वाटेल. परंतु टीव्हीचा रिमोट बंद पडणे आणि धुराची सूचना देणारे यंत्र बंद पडणे यांत जो फरक आहे, तो केवळ वापराच्या आकड्यातून कळत नाही.

मापांच्या नावांत गोंधळ पुष्कळ आहे. ‘पेन्सिल सेल’ हे नाव डबल ए आणि ट्रिपल ए या दोन्ही मापांना लावले जाते, म्हणून नुसते ‘पेन्सिल सेल द्या’ असे न म्हणता जुना सेल सोबत न्यावा किंवा माप लिहून घ्यावे. डबल ए सेलचा व्यास साधारण १४.५ मिलिमीटर आणि लांबी ५०.५ मिलिमीटर असते; ट्रिपल ए सेल साधारण १०.५ मिलिमीटर जाड आणि ४४.५ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या विजेऱ्यांमध्ये बसणारा जाडा सेल डी मापाचा, आणि त्याहून थोडा लहान तो सी मापाचा.

यादी पूर्ण झाली की वस्तूंचे दोन गट आपोआप पडतात. भिंतीवरचे घड्याळ, रिमोट, तापमापक, स्वयंपाकघरातील वजनकाटा ही उपकरणे इतका कमी प्रवाह घेतात की एक सेल वर्षभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. याउलट मोटार असलेली खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, रोज वापरली जाणारी विजेरी, खेळांचे बिनतारी कंट्रोलर ही उपकरणे सेल भराभर रिकामे करतात. काही वस्तू मधल्या असतात; बिनतारी माऊस हे त्याचे चांगले उदाहरण, कारण एखादा माऊस एका सेलवर वर्ष काढतो, तर दुसरा दोन महिन्यांतच मान टाकतो. म्हणूनच इतरांच्या अनुभवापेक्षा आपल्या घरातील नोंद महत्त्वाची.

दुसरी पायरी: सेल ओळखणे

सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत एक सांकेतिक नाव छापलेले असते आणि जाहिरातीच्या मजकुरापेक्षा ते अधिक खरे बोलते. डबल ए मापात ‘आर६’ असे नुसतेच लिहिले असेल तर तो साधा झिंक-कार्बन सेल. ‘एलआर६’ असेल तर अल्कलाइन. ‘एफआर६’ असेल तर एकदाच वापरायचा लिथियम सेल. आणि ‘एचआर६’ असेल तर निकेल-मेटल हायड्राइड जातीचा रिचार्जेबल. ट्रिपल ए मापात सहाच्या जागी ०३ येतो. सुरुवातीचे अक्षर रसायन सांगते आणि पुढचा आकडा माप, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

झिंक-कार्बन सेल स्वस्त असतो, त्याची क्षमता बेताची असते, आणि जास्त प्रवाह मागितला की तो पटकन दमतो. त्याचे जस्ताचे डबडे हाच त्याचा एक ध्रुव असल्यामुळे वापराबरोबर ते आतून झिजत जाते, आणि संपलेला सेल तसाच ठेवला तर त्याला छिद्र पडून आतला द्राव बाहेर येतो. अल्कलाइन सेल कमी प्रवाहाच्या कामात साधारण २००० ते ३००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमधील भार मोजण्याचे एकक) इतका भार देतो आणि पाच ते दहा वर्षे कपाटात टिकतो. तथापि हाच सेल एक अँपिअरसारखा मोठा प्रवाह देऊ लागला की त्यातून मिळणारा भार निम्म्याहूनही कमी होतो. पाकिटावरचा दावा आणि खेळण्यातला अनुभव यांचा मेळ बसत नाही, तो यामुळेच. एकदाच वापरायचा लिथियम सेल महाग असला तरी वजनाला हलका असतो, कडाक्याच्या थंडीत काम करतो आणि वीस वर्षांपर्यंत साठवता येतो.

‘रिचार्जेबल’ हा शब्द अंगावर नसलेला कोणताही सेल चार्जिंगला लावू नये. साधा अल्कलाइन सेल थोडाफार ‘भरता’ येतो असे सांगणारे लोक भेटतात. परंतु आत वायूचा दाब वाढून तो गळण्याची किंवा फुटण्याची शक्यता असते, आणि वाचणारा पैसा त्या धोक्याच्या मानाने नगण्य आहे.

तिसरी पायरी: दीड आणि सव्वा व्होल्टचे कोडे समजून घेणे

नवख्या माणसाला सर्वांत जास्त अडवणारा प्रश्न हा असतो की उपकरणावर १.५ व्होल्ट लिहिले असताना १.२ व्होल्टचा रिचार्जेबल सेल कसा चालेल. याचे उत्तर हे दोन आकडे कशाचे आहेत यात दडलेले आहे. अल्कलाइन सेलचे १.५ व्होल्ट ही त्याची जवळजवळ सुरुवातीची पातळी आहे. वापर सुरू होताच ती उतरू लागते, अर्ध्या आयुष्यापर्यंत १.२ ते १.३ च्या आसपास येते आणि शेवटी ०.९ पर्यंत घसरते. निकेल-मेटल हायड्राइड सेल नुकताच चार्ज केलेला असताना १.४ च्या आसपास असतो, लगेच थोडा खाली येतो, आणि नंतर आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ १.२ ते १.२५ व्होल्टवर जवळपास सपाट चालत राहून अगदी शेवटी एकदम कोसळतो. म्हणजे अल्कलाइनची वाट उताराची, तर रिचार्जेबलची वाट पठारावरून जाऊन अचानक कड्याशी संपणारी. जे उपकरण अल्कलाइन सेल पूर्ण वापरू शकेल असे नीट बनवलेले आहे, त्याला १.२ व्होल्टचे वावडे असण्याचे कारण नाही.

मात्र याचे तीन परिणाम दिसतात आणि ते आधीच माहीत असलेले बरे. पहिला असा की, उपकरणावरील बॅटरीची खूण बहुधा अल्कलाइनच्या उतारावर बेतलेली असल्यामुळे भरलेला रिचार्जेबल सेलही तिथे अर्धा दिसतो आणि ‘बॅटरी कमी’ अशी सूचना आल्यानंतर फारसा वेळ उरत नाही. काही कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडता येतो, तो निवडावा. दुसरा असा की, सेलच्या व्होल्टेजवर थेट चालणाऱ्या साध्या विजेरीचा उजेड किंचित मंद वाटतो, कारण तीन सेल मिळून साडेचारऐवजी ३.६ व्होल्टच मिळतात. तिसरा असा की, काही मोजक्या उपकरणांची रचनाच अशी असते की व्होल्टेज १.३ च्या खाली गेले की ती काम थांबवतात. अशा उपकरणांत रिचार्जेबल सेल चालत नाहीत, आणि खरे पाहता अल्कलाइन सेलही त्यांत अर्धे भरलेले असतानाच फेकले जात असतात. दोष सेलचा नसतो, पण सोय आपल्यालाच पाहावी लागते.

या अडचणीवर उपाय म्हणून अलीकडे १.५ व्होल्टचे लिथियम-आयन सेल मिळू लागले आहेत. त्यांच्या आत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि ते व्होल्टेज १.५ वर आणून स्थिर ठेवणारे छोटे सर्किट असते. काहींच्या अंगावर तर यूएसबीचे भोकच असते. ते शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देतात आणि मग बहुधा पूर्वसूचना न देता बंद पडतात. आतल्या सर्किटमुळे रेडिओमध्ये खरखर येऊ शकते. त्यांची क्षमता अनेकदा मिलिवॉट-तासांत छापलेली असते, त्यामुळे आकडा मोठा दिसतो. ३००० मिलिवॉट-तास म्हणजे १.५ व्होल्टवर २००० एमएएच. २००० एमएएचच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये २४०० मिलिवॉट-तास ऊर्जा असते; फरक आहे, पण आकड्यांवरून वाटतो तितका नाही. हे सेल त्यांच्यासाठी ठरवून दिलेल्या चार्जरमध्येच लावावेत, निकेलच्या चार्जरमध्ये कधीही नाही.

याच जागी एक गंभीर इशारा. डबल एच्या मापाचा, पण सरळ ३.७ व्होल्ट देणारा ‘१४५००’ नावाचा लिथियम सेलही बाजारात असतो. तो घड्याळात, खेळण्यात सहज बसतो आणि दुप्पट-अडीचपट व्होल्टेजने ते जाळू शकतो. ज्या विजेरीवर तो चालेल असे स्पष्ट लिहिले आहे तिथेच तो वापरावा.

चौथी पायरी: हिशेब

खर्चाची तुलना करताना रुपये-पैशांपेक्षा प्रमाण धरणे सोयीचे जाते. एका रिचार्जेबल सेलची किंमत पाच अल्कलाइन सेलइतकी आणि बऱ्यापैकी चार्जरची वीस सेलइतकी आहे असे समजू. आपल्याकडील खरे आकडे घालून हाच हिशेब कोणालाही करता येईल. खेळाच्या एका कंट्रोलरला दोन सेल लागतात आणि ते दर तीन आठवड्यांनी बदलावे लागतात, म्हणजे वर्षाला सुमारे ३४ सेल झाले. त्यासाठी चार रिचार्जेबल सेल घेतले, दोन वापरात आणि दोन तयार, तर चार्जरसह एकूण खर्च चाळीस सेलइतका होतो आणि तो साधारण चौदा महिन्यांत वसूल होतो. त्यानंतर खर्च विजेचा, आणि तो इतका अल्प असतो की हिशेबात धरण्याचीही गरज नाही. घरात अशी दोन-तीन उपकरणे असतील तर चार्जरचा भार वाटला जाऊन वसुली वर्षाच्या आतच होते.

आता घड्याळ घेऊ. वर्षाला एक सेल. रिचार्जेबल सेलची नुसती किंमत वसूल व्हायलाच पाच वर्षे लागतील, आणि मधल्या काळात रिचार्जेबल सेल स्वतःहून थोडा थोडा उतरत असल्यामुळे तो काढून पुन्हा चार्ज करण्याची उठाठेव अल्कलाइनपेक्षा जास्तच करावी लागेल. पर्यावरणाच्या दृष्टीनेही चित्र फारसे वेगळे नाही, कारण रिचार्जेबल सेल आणि चार्जर बनवण्यात लागलेल्या धातूंची आणि ऊर्जेची भरपाई तो सेल अनेक वेळा वापरला गेला तरच होते. फडताळात पडून राहिलेला रिचार्जेबल सेल हा केवळ एक महागडा सेल असतो.

मी स्वतः सीमारेषा अशी आखतो: सेल वर्षातून चार किंवा अधिक वेळा बदलावे लागत असतील तर रिचार्जेबल, वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी तर अल्कलाइन. मधल्या वस्तूंसाठी वेगळे सेल विकत घेण्याची घाई करू नये. पहिल्या गटासाठी घेतलेल्यांपैकी जे रिकामे असतील ते तिथे वापरून पाहावेत.

या रेषेला काही अपवाद आहेत. धुराची सूचना देणाऱ्या यंत्रात निर्मात्याने सांगितलेल्या प्रकाराचेच सेल घालावेत, कारण रिचार्जेबल सेल शेवटी एकदम कोसळत असल्यामुळे सेल संपत आल्याची पूर्वसूचना द्यायला त्या यंत्राला पुरेसा अवधी मिळत नाही. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या, एरवी हात न लावल्या जाणाऱ्या विजेरीसाठी एकदाच वापरायचे लिथियम सेल उत्तम. नऊ व्होल्टच्या रिचार्जेबल बॅटरीबाबत तिच्या अंगावरचा आकडा पाहावा: सहा सेलची असेल तर ती ७.२ व्होल्टच देते, सात सेलची ८.४ देते, आणि बऱ्याच उपकरणांना दुसरीच मानवते.

पाचवी पायरी: रिचार्जेबल सेल घेताना

निकेल-कॅडमियम सेल अजूनही काही ठिकाणी दिसतात. ते घेऊ नयेत. कॅडमियम विषारी आहे, क्षमता कमी असते, आणि ‘सेल पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करू नये’ हा जुना नियम प्रामुख्याने त्यांच्यामुळेच रूढ झाला. निकेल-मेटल हायड्राइडला तो तितकासा लागू नाही.

निकेल-मेटल हायड्राइडमध्येही दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीचा सेल नुसता ठेवला तरी महिन्याभरात आपल्या भारातील मोठा वाटा गमावतो. २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने ‘एनेलूप’ या नावाने स्वतःहून फार कमी उतरणारा सेल बाजारात आणला. आता अनेक कंपन्या तशा जातीचे सेल बनवतात आणि ते वर्षभरानंतरही सुमारे ७० ते ८५ टक्के भार टिकवून धरतात. पाकिटावर ‘आधीच चार्ज केलेले’ किंवा ‘वापरायला तयार’ अशा अर्थाचे शब्द असतील तर तो बहुधा याच जातीचा. घरगुती वापरासाठी दुसरा विचार करू नये.

क्षमतेच्या आकड्याला भुलणे ही सर्वांत सामान्य चूक. डबल ए मापात २००० एमएएचच्या आसपासचा, आणि ट्रिपल ए मापात ७५० ते ८५० एमएएचचा सेल घ्यावा. डबल एमध्ये २५०० चे चांगले सेल मिळतात. परंतु जास्त क्षमता कोंबण्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते आणि त्यांची चार्जिंगची आवर्तने कमी भरतात. ३००० च्या वरचा आकडा छापलेला निकेलचा डबल ए सेल दिसला तर तो खाली ठेवावा. एवढ्याशा नळकांड्यात तेवढा भार मावत नाही. सेल हातात घेऊन वजन पाहणे हीसुद्धा एक साधी परीक्षा आहे. चांगला डबल ए सेल २६ ते ३० ग्रॅमचा असतो, आणि बनावट सेल बहुधा हलका लागतो.

सहावी पायरी: चार्जर

सेल चांगले आणि चार्जर भिकार, अशी जोडी पुष्कळ घरांत आढळते, आणि ‘रिचार्जेबल सेल टिकत नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच उगवते. सेलपेक्षा चार्जर निवडताना अधिक वेळ घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत साधा चार्जर सेल भरला आहे की नाही हे पाहतच नाही. भिंतीला लावल्यापासून काढेपर्यंत तो मंद प्रवाह देत राहतो. त्याहून थोडा बरा म्हणजे ठरावीक तासांनी बंद होणारा. पण अर्धा भरलेला सेल त्यात ठेवला तरी तो तेवढेच तास भरत राहतो. जाणता चार्जर वेगळ्या रीतीने चालतो. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज शिखरावर जाऊन काही मिलिव्होल्टने खाली येते आणि तापमान चढू लागते. ही बारीक घसरण आणि ही उष्णता चार्जर ओळखतो आणि मुख्य प्रवाह थांबवतो. पाकिटावर ‘स्मार्ट’ हा शब्द कोणीही छापू शकतो. त्याऐवजी व्होल्टेज किंवा तापमान पाहून आपोआप थांबण्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

दुसरी कसोटी अधिक सोपी आहे: प्रत्येक खाच स्वतंत्र आहे का? स्वस्त चार्जर सेल जोडीने भरतात. जोडीतील एक सेल अर्धा आणि एक रिकामा असेल तर एक जास्त तापतो आणि दुसरा उपाशी राहतो. ओळखण्याची खूण अशी की जोडीच्या चार्जरवर चार सेलना दोनच दिवे असतात आणि एकटा सेल त्यात चार्ज होत नाही. तीन सेलवर चालणारी विजेरी घरात असेल तर या चार्जरचा वैताग पहिल्याच महिन्यात येतो. प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा किंवा पडदा असलेला, एक सेलही घेणारा चार्जरच घ्यावा.

तिसरी गोष्ट प्रवाहाची. २००० एमएएचच्या सेलला ५०० मिलिअँपिअर प्रवाह दिला तर लागणारा वेळ काढण्यासाठी २००० ला १.२ ने गुणून ५०० ने भागावे, उत्तर ४.८, म्हणजे जवळजवळ पाच तास. नुसता भागाकार न करता आधी १.२ ने गुणायचे, कारण दिलेल्यापैकी काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि मंद चार्जिंगमध्ये हा तोटा अधिक असतो. त्यामुळे २०० मिलिअँपिअरच्या चार्जरला दहा-बारा नव्हे तर १४ ते १६ तास लागतात. फार मंद प्रवाहात व्होल्टेजची ती शेवटची घसरण इतकी पुसट होते की चार्जरच्या नजरेतून ती सुटू शकते. फार जोराच्या प्रवाहात सेल तापून त्याचे आयुष्य घटते. डबल ए सेलला ५०० ते १००० आणि ट्रिपल एला ३०० ते ५०० मिलिअँपिअर हा मधला मार्ग चांगला. पंधरा मिनिटांत किंवा अर्ध्या तासात सेल भरणारे चार्जर मी घरगुती वापरासाठी सुचवणार नाही. चार्जिंगच्या शेवटी सेल कोमट लागणे स्वाभाविक आहे. हातात धरवत नसेल इतका तापत असेल तर चार्जर बदलावा.

यूएसबीवर चालणारा चार्जर घेतल्यास त्याला वीज पुरवणारा अ‍ॅडॅप्टरही पाहावा. चार सेलना प्रत्येकी एक अँपिअर म्हणजे सुमारे सहा वॉट आणि त्यावर चार्जरचा स्वतःचा तोटा. तिथे पाच व्होल्ट-दोन अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर हवा. जुन्या मोबाइलचा अशक्त अ‍ॅडॅप्टर लावला की चार्जिंग रखडते आणि दोष विनाकारण सेलवर येतो.

चार्जरने एखादा सेल नाकारला, ‘दोष’ असा दिवा दाखवला, तर तो सेल काढून टाकावा. क्वचित फार खोलवर उतरलेला सेल चार्जरला ‘दिसत’ नाही आणि काही चार्जरांमध्ये त्याला हळूहळू शुद्धीवर आणण्याची सोय असते. तीही निष्फळ ठरली तर आशा सोडावी.

सातवी पायरी: रोजच्या वापरातील शिस्त

एकाच पाकिटातील सेल एकत्र ठेवावेत. मी त्यांच्यावर कायम शाईच्या पेनाने ‘क१, क२’ असे लिहून खाली खरेदीचा महिना टाकतो आणि ते जोडीनेच वापरतो, जोडीनेच चार्ज करतो. हा हट्ट केवळ टापटिपीसाठी नाही. एका ओळीत जोडलेल्या सेलपैकी एक आधी रिकामा झाला की उरलेले सेल त्याच्यातून उलट दिशेने भार ढकलू लागतात आणि त्याचे कायमचे नुकसान होते. याच कारणाने जुना-नवा, अल्कलाइन-रिचार्जेबल अशी मिसळ एका उपकरणात कधी करू नये. खेळणे मंद झाले की ते पूर्ण थंडावण्याची वाट न पाहता सेल काढून चार्जिंगला लावावेत.

साठवण कोरड्या, थंड जागी असावी. फ्रीजची गरज नाही, तिथून काढलेल्या सेलवर दव जमते ते वेगळेच. सुटे सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नयेत. रिचार्जेबल सेल अल्कलाइनपेक्षा फार मोठा प्रवाह क्षणात देऊ शकतो, आणि किल्लीने त्याची दोन टोके जोडली गेली तर भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते. प्लॅस्टिकच्या डब्या मिळतात; त्या वापराव्यात.

अल्कलाइन सेल संपला की नाही हे पाहण्यासाठी तो जमिनीवर उभा टाकून उसळतो का हे पाहण्याची एक युक्ती प्रचलित आहे. नवा सेल बद्दकन बसतो आणि वापरलेला उसळतो हे खरे. पण भार निम्मा उतरेपर्यंतच तो पुरेपूर उसळू लागलेला असतो, म्हणून उसळणारा सेल संपलाच असे समजून फेकणे म्हणजे अर्धा सेल वाया घालवणे. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे यंत्र) असेल तर अल्कलाइन सेल १.३ च्या आसपास निम्मा आणि १.१ च्या खाली जवळजवळ संपलेला समजावा. रिचार्जेबलबाबत मल्टिमीटर फारसे काही सांगत नाही, कारण त्याचे व्होल्टेज सारा वेळ पठारावरच असते.

गळलेले सेल आणि बटण सेल

माझी एक चांगली विजेरी मी अल्कलाइन सेलसकट दोन वर्षे खणात ठेवली आणि गरजेच्या रात्री उघडली तेव्हा आत पांढरी खपली पसरलेली होती. सेल विजेरीला असे चिकटले होते की ते ठोकूनही निघाले नाहीत. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते बाहेर झिरपून हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि ती खपली बनते. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पुसावी, मग ओलसर कापडाने टिपून जागा पूर्ण सुकू द्यावी. डोळ्यांना हात लावू नये. निकेलचे सेल सहसा असे गळत नाहीत, आणि महागड्या उपकरणात रिचार्जेबल वापरण्याचे हे एक कारण हिशेबात सहसा धरले जात नाही. जे उपकरण महिना-दोन महिने वापरात येणार नाही त्यातील सेल काढून ठेवावेत, मग ते कोणत्याही जातीचे असोत.

बटणासारख्या सेलमध्ये रिचार्जेबलचा मोह टाळावा. ‘सीआर२०३२’ हा तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा सेल असतो. त्याच्याच मापाचा रिचार्जेबल ‘एलआयआर२०३२’ ३.६ व्होल्टचा असल्यामुळे तो त्याच्या जागी घालू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे सेल लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही तिला खोल भाजू शकतो, आणि सुरुवातीला मूल अगदी ठीक दिसू शकते. तसा नुसता संशय आला तरी उलटी न काढता थेट रुग्णालय गाठावे. ज्या खेळण्याचे किंवा रिमोटचे सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते लहान मुलांच्या घरात नसावे.

वापरून झालेले सेल

रिचार्जेबल सेलची चार्जिंगची आवर्तने शेकड्यांत मोजली जातात, पण कधीतरी तेही थकतात. चार्ज होऊनही दोन दिवसांत उतरणारा सेल आधी रिमोटसारख्या हलक्या कामाला लावून पाहावा. तिथेही टिकला नाही तर बाजूला काढावा. संपलेल्या सेलसाठी झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा ठेवावा आणि तो भरला की बॅटरी किंवा इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यावा. रिचार्जेबल आणि लिथियम सेल रोजच्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नयेत. दाबयंत्राखाली चिरडलेल्या लिथियम सेलमुळे आग लागते. लिथियम सेलच्या टोकांवर आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चिकटपट्टी लावूनच ती डब्यात टाकावी, कारण या बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला शेजारी असतात आणि मेलेली वाटणारी बॅटरीही दुसऱ्या सेलच्या पत्र्याला टेकली की ठिणगी पाडण्याइतकी जिवंत असू शकते.